काळ्या पत्थराच्या मधले आणि खालचे

महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भूभाग लाव्हारसापासून बनलेल्या बेसॉल्टने, म्हणजे काळ्या पत्थराने, झाकलेला आहे. पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून त्याला ‘ट्रॅप’ हे नाव मिळाले, आणि सह्याद्रीच्या टप्प्याटप्प्यांच्या कड्यांना ते शोभतेही. विल्यम साइक्स यांनी १८३० च्या दशकात दख्खनच्या या रचनेचे वर्णन केले. तेव्हापासूनचे संशोधन पाहिले तर खरी कोडी पत्थरात कमी आणि त्याच्या दोन थरांमध्ये किंवा तळाशी जास्त सापडलेली दिसतात.

पहिले कोडे नागपूरला मिळाले. १८४५ मध्ये तिथे आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत परिसर पायी धुंडाळला. टाकळीजवळ दोन लाव्हाथरांच्या मधल्या गाळात त्यांना गोड्या पाण्यातले शंख आणि वनस्पतींचे अवशेष मिळाले. म्हणजे एक थर थंड झाल्यावर त्यावर तळी साचली, झाडे उगवली आणि मग पुढचा लोट आला. हे थर किती जुने, यावर मात्र दीर्घकाळ वाद चालला. बिरबल साहनी यांनी छिंदवाड्यातील मोहगाव कलानच्या अश्मीभूत वनस्पतींवरून १९३४ मध्ये प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला आणि ट्रॅप तृतीयक, म्हणजे क्रिटेशियसनंतरच्या, काळातले असल्याचा पक्ष मांडला. १९८० च्या दशकात किरणोत्सारी कालमापन आणि चुंबकीय अभ्यास एकत्र आले, तेव्हा बहुतांश लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशियसच्या अखेरीच्या आसपास, वाहिल्याचे ठरले. साहनींचा निष्कर्ष टिकला नाही. पण मधल्या गाळाला साक्षीला बोलावण्याची त्यांची पद्धत टिकली.

कोळशाची गोष्ट तळातली आहे. वर्धा खोऱ्यात ट्रॅपहून फार जुने गोंडवना खडक उघडे पडतात आणि पश्चिमेकडे ते लाव्ह्याखाली जातात. कोळसा त्यांच्यातल्या बराकार नावाच्या थरात असतो. त्याच्यावरच्या वालुकाश्माला नागपूरजवळच्या कामठीचे नाव मिळाले. १८५१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने इथे नकाशे केले आणि १८७० च्या दशकात वरोऱ्याची खाण सुरू झाली.

किनाऱ्यावर पुरावे परस्परविरोधी निघाले. मुंबईचा प्रिन्सेस डॉक खोदताना भरतीरेषेखाली उभ्या झाडांचे बुंधे सापडले, म्हणजे तिथली जमीन खचलेली. कोकणात मात्र करळ, म्हणजे शंखशिंपले आणि वाळू चुन्याने सांधून झालेला दगड, काही ठिकाणी आजच्या भरतीच्या वर दिसतो. म्हणून साऱ्या किनाऱ्याला एकच उत्तर लावणे चूक ठरते.

पाण्याचा अभ्यास सर्वांत उशिरा जोर धरू लागला, आणि लोकांच्या जगण्याला तोच सर्वांत जवळचा. १९७२ च्या दुष्काळाच्या काळातच राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली. विहीर खोदणाऱ्यांना थर आधीपासून ठाऊक होते: वर मुरूम, मग छिद्रांचा, गारगोट्यांनी भरलेला मांजऱ्या, खाली टणक काळा पत्थर, मध्ये कुठे गेरूसारखा लाल पट्टा. अभ्यासकांनी याच थरांना मोजमाप दिले. घट्ट पत्थरात पाणी केवळ भेगांत असते; झिजलेल्या मांजऱ्यात ते साठते, पण तेही आकारमानाच्या काही टक्केच. म्हणून शेजारच्या दोन विहिरींचे नशीब वेगळे असते, आणि खोल बोअर घेतला की पाणी हमखास लागेलच असे नाही. राज्याने पुढे भूजल व्यवस्थापनाचा कायदाही केला.

लाव्ह्याचा तळ प्रत्यक्ष पाहायला भूकंपांनी भाग पाडले. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तिथे ६१७ मीटर खोल छिद्र घेतले गेले. बेसॉल्ट ३३८ मीटरवर संपला. १९६७ ला हादरलेल्या कोयनेच्या परिसरात तर सुमारे तीन किलोमीटर खोल वेध घेतला गेला. तिथे लाव्ह्याचा थर सुमारे सव्वा किलोमीटर जाड निघाला, आणि त्याच्याखाली वालुकाश्म नव्हे, तर थेट पुरातन ग्रॅनाइट लागला.