दहा मिनिटं उचलून बघायचं नाही!

गेल्या रविवारी मला कैरीचं लोणचं घालायचा झटका आला. आईची विळी, माझा ओव्हरकॉन्फिडन्स आणि कानाला मोबाइल... व्हायचं तेच झालं. अंगठा कापला. रूममेट हळदीचा डबा घेऊन धावली. मी दर अर्ध्या मिनिटाला रुमाल उचलून ‘थांबलं का?’ बघतेय. थांबेचना!

शेवटी कोपऱ्यावरच्या डॉक्टरकाकांकडे गेलो. त्यांनी गॉज ठेवून अंगठा घट्ट दाबला. ‘‘दहा मिनिटं उचलून बघायचं नाही. तू दर वेळी बांधकाम पाडतेयस.’’

खरंच बांधकामच असतं ते. रक्तवाहिनी कापली की आधी ती स्वतःच आकसते. मग प्लेटलेट्स (डेंगीच्या सीझनला ज्यांच्या आकड्यावर अख्खं ऑफिस बोलतं, त्याच!) उघड्या पडलेल्या कोलॅजनला चिकटतात. त्यासाठी रक्तात ‘व्हॉन विलेब्रँड फॅक्टर’ नावाचा डिंकही असतो. चिकटलेल्या प्लेटलेट्स रसायनं सोडून आणखी मैत्रिणींना हाका मारतात आणि एक कच्चं बूच तयार होतं. तिकडे क्लॉटिंग फॅक्टर्स एकामागून एक जागे होतात आणि फायब्रिनच्या धाग्यांची जाळी त्या बुचाला आवळून पक्कं करते. मी रुमालाबरोबर हेच सगळं उपटत होते.

‘‘सध्या गोळी कुठली चालू आहे?’’ काकांनी विचारलं. डेडलाइनच्या डोकेदुखीवर तीन दिवस ॲस्पिरिन!

‘‘तरीच.’’

प्लेटलेट्सना हाक मारायला लागणारं एक रसायन ज्या एन्झाइममुळे बनतं, ते ॲस्पिरिन कायमचं बंद पाडतं. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे ती नवं एन्झाइम बनवू शकत नाही. ती जगते ७ ते १० दिवस. उरलेलं आयुष्य मुक्यानंच काढते बिचारी.

आणि मला एकदम बाबा आठवले. अँजिओप्लास्टीनंतर ते रोज ॲस्पिरिन घेतात. ‘दाढ काढायचीय, रक्त जाईल, गोळी बंद करतो’ असं परवाच फोनवर सहज म्हणाले होते. मीही ‘बरं’ म्हटलेलं. हे ऐकून काकांचा चेहराच बदलला. ‘‘स्वतःच्या मनानं अजिबात नाही! दाढेचं रक्त दाबून थांबवता येतं. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर थेट हार्ट ॲटॅक.’’

क्लिनिकमधूनच फोन लावला. गोळी दोन दिवस बंद होती. त्यांच्या कार्डिओलॉजिस्टनं ती त्याच संध्याकाळी सुरू करायला लावली, वर चांगलं झापलं.

गुरुवारी गोळी चालू ठेवूनच दाढ निघाली. बाबा कापसाचा बोळा दाबून गप्प बसले होते आणि दर पाच मिनिटांनी आईला खुणेनं विचारत होते म्हणे, ‘काढून बघू का?’