तुटलेल्या तुकड्याला बोलते करणारे शिक्षण: मेटलर्जी ते मोटरस्पोर्ट

२९ नोव्हेंबर २०२०. बहारीनमधील फॉर्म्युला वन शर्यतीची पहिलीच फेरी सुरू होती. रोमाँ ग्रोजाँ या चालकाची गाडी ताशी सुमारे १९२ किलोमीटर वेगाने लोखंडी कठड्यावर आदळली. गाडीचे दोन तुकडे झाले आणि आगीचा लोळ उठला. अर्ध्या मिनिटाच्या आत ग्रोजाँ त्या आगीतून स्वतःच्या पायांनी बाहेर आला. हात भाजले होते, पण जीव वाचला होता.

त्याच्या डोक्याभोवती टायटॅनियमची एक कमान होती. तिला 'हेलो' म्हणतात. २०१८ साली ती सक्तीची झाली, तेव्हा अनेकांनी तिला विरोध केला. त्यात खुद्द ग्रोजाँही होता. या कमानीचे वजन साधारण ७ किलो. पण डबल-डेकर बसइतका भार ती पेलू शकते. तो बसला होता ती कार्बन फायबरची कोठीही शाबूत राहिली. कोणता धातू, कोणता धागा, किती जाडीचा, कसा तापवलेला, हे कोणीतरी आधीच ठरवले होते. ते ठरवणारा माणूस म्हणजे मटेरियल सायन्सचा अभियंता.

हे आम्ही आज का सांगतो आहोत? कारण दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत आम्हाला एकच वाक्य ऐकू येते, "कॉम्प्युटर नाही मिळाले, मेटलर्जीवर भागवले." घरचे विचारतात, पुढे काय, भट्टीवर उभा राहणार का? या प्रश्नाला नीट उत्तर मिळायला हवे.

काम नेमके काय असते?

लोखंडी तार हाताने एकदा वाकवली तर तुटत नाही. पण तीच तार पुन्हा पुन्हा वाकवत राहिलो की पटकन तुटते. याला धातूचा थकवा म्हणतात. शर्यतीच्या गाडीचा प्रत्येक भाग असाच लाखो वेळा हलतो, तापतो, ताणला जातो. म्हणून महत्त्वाचा भाग किती किलोमीटर चालला याची नोंद ठेवली जाते आणि तडा वाढण्याआधीच तो बदलला जातो. डोळ्यांना न दिसणारा तडा शोधण्यासाठी ध्वनिलहरींची चाचणी होते.

तरीही एखादा भाग तुटलाच, तर तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली जातो. थकव्याने तुटलेल्या पृष्ठभागावर अनेकदा शिंपल्यावर असतात तशा रेषा दिसतात. तडा कुठून सुरू झाला हे त्या सांगतात. चूक घडणीत होती, आराखड्यात होती की वापरात, याचा निवाडा पुराव्यावर होतो, हुद्द्यावर नाही.

कार्बन फायबरचे काम वेगळे. राळ लावलेल्या कापडाचे थर ठरलेल्या दिशांनी एकावर एक रचतात आणि ऑटोक्लेव्ह नावाच्या भट्टीत उष्णता व दाब देऊन घट्ट करतात. १९८१ साली मॅकलारेन संघाचे अभियंते जॉन बर्नार्ड यांनी अशा कोठीची पहिली फॉर्म्युला वन गाडी आणली. अपघातात हिचा चुरा होईल, अशी शंका तेव्हा घेतली गेली. त्याच वर्षी मोंझा येथे जॉन वॉटसन यांच्या गाडीचा भीषण अपघात झाला. इंजिन तुटून बाजूला पडले, पण वॉटसन चालत बाहेर आले. शंका तिथेच मिटली.

या कामाला नैतिक बाजूही आहे. बेरिलियम आणि ॲल्युमिनियमचा मिश्रधातू हलका व कडक, म्हणून तो काही इंजिनांत वापरला गेला. पण बेरिलियमची धूळ कामगाराच्या फुप्फुसात गेली तर गंभीर आजार होतो. तो महागही होता. २००१ पासून नियमांनी त्याची वाट बंद केली. वेग कोणाच्या जिवावर मिळवायचा, हा प्रश्नही अभियंत्याचाच असतो.

तिथवर जायचे कसे?

पुण्याचे सीओईपी, नागपूरचे व्हीएनआयटी आणि आयआयटी मुंबई येथे हा विषय शिकवला जातो. पहिल्याच वर्षी कॉलेजच्या रेसिंग टीममध्ये शिरा. विद्यार्थ्यांनी बांधलेल्या गाड्यांची 'फॉर्म्युला भारत' ही स्पर्धा कोइम्बतूरला होते. ब्रिटनमध्ये 'फॉर्म्युला स्टुडंट' १९९८ पासून भरते. आपण स्वतः घडवलेला, तुटलेला आणि दुरुस्त केलेला भाग मुलाखतीत गुणपत्रिकेपेक्षा जास्त बोलतो.

फॉर्म्युला वनचे बहुतेक संघ इंग्लंडमध्ये, ब्रॅकली, मिल्टन कीन्स, ग्रोव्ह, वोकिंग अशा गावांत आहेत. क्रॅनफिल्ड आणि ऑक्सफर्ड ब्रूक्स या विद्यापीठांत मोटरस्पोर्टचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. खर्च मोठा आहे. त्यासाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. विद्यापीठ आणि अभ्यासक्रम अटींत बसतो का, हे अर्जाआधीच तपासा. कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतल्या अभ्यासिकेत या जाहिराती वेळेवर लावल्या, तरी मोठे काम होईल.

भुलवणारे चित्र आम्ही रंगवणार नाही. या क्षेत्रात जागा थोड्या आहेत, व्हिसाची अडचण आहे, शनिवार-रविवार कामाचे असतात. २०२१ पासून संघांच्या खर्चावर मर्यादाही आली. म्हणून थेट संघातच नोकरी हवी असा हट्ट नको. संघांना सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांतूनही सुरुवात होते.

आणि हे ज्ञान वाया जात नाही. तडा शोधायची तीच विद्या विमानाच्या पात्याला लागते, रेल्वेच्या रुळाला लागते, माणसाच्या हाडात बसवायच्या सांध्यालाही लागते. मेटलर्जी मिळाली म्हणून यंदा कोणी तोंड पाडून बसला असेल, तर त्याला ग्रोजाँची गोष्ट सांगा. त्या आगीत एका माणसाचा जीव याच विद्येने वाचवला होता.