घरच्या आवाजासाठी कोरी सीडी

गनियारीच्या गायिका तीजनबाईंची पंडवानी, म्हणजे महाभारतकथांचं गायन, विकत मिळते. हरवली तर पुन्हा घेता येते. पण भिलाईच्या सेक्टरांतल्या मराठी घरांत कॅसेटवर भरून ठेवलेल्या आजीच्या ओव्यांची दुसरी प्रत जगात कुठेच नसते. म्हणून कॅसेटी सीडीवर उतरवून घ्यायला माझ्याकडे कुणी आलं, की मी आधी कोऱ्या सीडीचं बोलतो.

कोऱ्या सीडीत खाली पॉलिकार्बोनेटची पारदर्शक चकती, तिच्यावर रंगद्रव्य, त्यावर धातूचा चकचकीत थर आणि वर लाखेचा पातळ लेप असतो. लेझर रंगद्रव्यावर खुणा उमटवतो. तेच आपलं गाणं. साधं सायनिन रंगद्रव्य उन्हाला लवकर हरतं. थॅलोसायनिन आणि अ‍ॅझो जास्त टिकतात. अ‍ॅझोची सीडी गडद निळी दिसते, पण नुसत्या रंगावर जाऊ नका, डब्यावरचा मजकूर वाचा. चांदीचा थर गंधकाच्या वायूंनी काळवंडतो, सोन्याचा नाही. असे वायू सोडणाऱ्या कोक ओव्हनच्या गावात, म्हणजे भिलाईत, राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. सोन्याची सीडी महाग पडते. पण एकुलत्या एका आवाजासाठी तो खर्च सार्थकी लागतो.

सीडी ट्यूबलाइटसमोर धरून बघा. बारीक छिद्रं किंवा डाग दिसले, तर ती बाजूला ठेवा. पूर्वी नोएडाच्या मोझर बेअरच्या सीडी सगळीकडे मिळायच्या. 2018 मध्ये ती कंपनी अवसायनात गेली. न वापरलेली सीडीही काळाने खराब होते, म्हणून कुठल्याही कंपनीचा जुना पडून राहिलेला माल टाळा.

ऑडिओ सीडीवर 80 मिनिटं मावतात. 60 मिनिटांची कॅसेट एकीवर बसते, 90 मिनिटांच्या कॅसेटला दोन लागतात. जुन्या प्लेअरवर ऐकायचं असेल तर एकदाच लिहिता येणारी सीडी-आर घ्या. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू त्यावर बहुतेकदा चालत नाही.

नाव लिहायच्या बाजूला जास्त जपा. तिथे धातूचा थर लेपाच्या लगेच खाली असतो, त्यामुळे बॉलपेनाची रेघही गाणं बिघडवते. पाण्याच्या शाईचा मार्कर वापरा, स्टिकर लावू नका. मे महिन्यात सीडी गाडीत ठेवू नका.

दोन वेगळ्या कंपन्यांच्या सीडीवर दोन प्रती काढा, दोन्ही शेवटपर्यंत ऐका आणि एक दुसऱ्या घरी ठेवा. मूळ कॅसेट मात्र टाकू नका.