स्लाइडच्या दोन टोकांची माणसं

मंडळी, आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा एकाने विचारलं, "पॅथॉलॉजीच्या निवासी डॉक्टरांना जागतिक आरोग्य शिकवायचं, तर त्याची चर्चा पाथर्डीत कशाला?" प्रश्न रास्त आहे. तो तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म घालवलेल्या आम्हालाही लागू पडतो.

पॅथॉलॉजिस्ट म्हणजे रोग्याच्या शरीरातला तुकडा, रक्त किंवा पेशी तपासून निदान करणारा डॉक्टर. एम.डी.च्या तीन वर्षांतला पुष्कळसा काळ सूक्ष्मदर्शकापाशी जातो, आणि रोग्याचा चेहरा बहुधा दिसत नाही. 'जागतिक आरोग्य' म्हटलं की आपल्याला विमान आठवतं. पण या विद्येचा मूळ प्रश्न साधा आहे. आजार तोच, उपायही माहीत असलेला, तरी एका गावातली बाई वाचते आणि दुसऱ्या गावातली का जाते?

उदाहरण लांबचं नाही. बीड ओलांडलं की धाराशिव, तेव्हाचं उस्मानाबाद. तिथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर मोठी पाहणी झाली. मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधल्या ल्यों शहरातली कर्करोग संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था यांनी ती मिळून केली. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रिया. गावांचे 52 समूह करून चार गट पाडले. एका गटाची एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्याची पॅप, म्हणजे पेशी काचेवर घेऊन तपासणं, तिसऱ्याची ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटाला एरवी मिळते तीच सेवा.

निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाले. एचपीव्ही गटात या कर्करोगाने 34 मृत्यू झाले, चौथ्या गटात 64. गटांची संख्या थोडी कमीजास्त होती, ती धरूनही मृत्यूचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. आणि पॅपच्या गटात? मृत्यूंमध्ये ठोस म्हणावी अशी घट दिसली नाही.

शिकणाऱ्या डॉक्टरने इथे थांबावं असं आम्हाला वाटतं. पॅप ही पॅथॉलॉजीची अभिमानाची विद्या. श्रीमंत देशांत तिने असंख्य जीव वाचवले, पण तिथे बाई ठरावीक वर्षांनी पुन्हा पुन्हा तपासायला येते. इथे तपासणी एकदाच झाली. म्हणजे विद्या तीच, पण ती ज्या व्यवस्थेत बसते ती व्यवस्था वेगळी. हे सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही.

आता आमच्या प्रांतातली गोष्ट. त्या चौथ्या गटातल्या 31,488 स्त्रियांचं काय? त्यावरून पुढे नीतिशास्त्राच्या वर्तुळात कडाक्याचा वाद झाला. एक बाजू म्हणाली, तुलनेवाचून उत्तर मिळालं नसतं, आणि तिथे नियमित तपासणीची सोय मुळात नव्हतीच. दुसरी म्हणाली, तपासणीने जीव वाचतात हे ठाऊक असताना कुणाला वगळायचं कसं? पहिल्या बाजूचं काम आम्ही कमी लेखत नाही; त्यातून मिळालेलं ज्ञान खरं आहे. पण 'एरवीही त्यांना काही मिळत नव्हतंच' हा युक्तिवाद आमच्या गळी उतरत नाही. 'एरवी' काय मिळतं, हेसुद्धा कुणीतरी ठरवलेलंच असतं ना?

2020 च्या नियमांनी पदव्युत्तर निवासी डॉक्टरांना जिल्हा पातळीवर तीन महिने काम करणं सक्तीचं झालं. त्यातले काही दिवस पॅथॉलॉजीच्या मुलामुलींनी नमुन्याच्या मागे चालावं. बायोप्सी कोणत्या खोलीत घेतली, फॉर्मॅलिन होतं का, बरणीवर नाव बरोबर आहे का, बसने पोचायला किती दिवस लागले. आणि मग उलट्या दिशेने, अहवालाच्या मागे.

कारण आपल्या तालुक्यात दिवाळी झाली की कोयते निघतात. नवरा-बायको दोघं मिळून एक कोयता, मुकादमाची उचल आधीच घेतलेली. समजा बाईचा तुकडा काढला आश्विनात आणि अहवाल आला कार्तिकात. तो गावच्या पत्त्यावर जाणार, घराला कुलूप, आणि ती कुठल्याशा कारखान्याच्या फडात. परतायची ती गळीत हंगाम संपल्यावर. अहवालातलं निदान अचूक असतं बरं का! पण नमुन्यासोबतच्या कागदावर 'हंगामात मुक्काम कुठे, निरोप कुणाकडे द्यायचा' अशी एक ओळ नसते. ती छापून घ्यायला तीन महिने लागत नाहीत.

बाकीचं प्रश्नोत्तरांत बोलू.