कुलाब्याच्या सागवानाची शर्यत

शिडाच्या नावेत एकट्यानं बसायचं, कुठल्याही बंदराला न टेकता, कुणाची मदत न घेता पृथ्वीला फेरी मारून घरी परतायचं, अशी पहिली शर्यत १९६८ मध्ये लागली. लंडनच्या ‘संडे टाइम्स’ वर्तमानपत्रानं ती लावली आणि तिला ‘गोल्डन ग्लोब’ असं नाव दिलं. नऊ जण निघाले. फेरी पुरी केली ती एकानंच. त्याची नाव ‘सुहेली’ मुंबईत, कुलाब्याला बांधलेली होती. लाकूड सागवान आणि हात आपल्याकडच्या कारागिरांचे.

मी आष्ट्याचा सुतार. वडील बैलगाड्या आणि औतं करायचे, मी दारं-खिडक्या आणि देव्हारे करतो. कृष्णा आणि वारणेच्या मधल्या या ऊस-हळदीच्या पट्ट्यात समुद्राची गोष्ट निघत नाही. आमची होडी नदीची. पावसाळ्यात कृष्णेला पाणी चढलं की सांगलीला आयर्विन पुलाच्या आसपास होड्यांच्या शर्यती होतात. सांगलीवाडी, कवठेपिरान, कसबे डिग्रजचे गडी वल्ही मारतात तेव्हा घाटांवर उभं राहायला जागा मिळत नाही. मी त्या शर्यती लहानपणापासून बघत आलोय आणि वडिलांच्या हाताखाली होडीच्या कुजलेल्या फळ्याही बदलल्यात. त्यामुळे ‘सुहेली’ची हकीकत वाचताना माझं लक्ष वादळांपेक्षा फळ्यांच्या जोडांवरच जास्त गेलं. या शर्यतीचा इतिहास दर्यावर्दींच्या नावांनी सांगितला जातो. मला तो लाकडाच्या बाजूनं सांगायचा आहे.

आधी नावेचं बूड समजून घेऊ. नदीच्या होडीचं बूड उथळ असतं, कारण ती काठाच्या चिखलापर्यंत आणायची असते आणि तिला पुढं ढकलणारं बळ माणसाच्या दंडातून येतं. शिडाच्या नावेत वारा बाजूनं आला की तो नावेला आडवी सरकवतो आणि कलंडवतोही. दोन्हींवर उपाय एकच, कील. नावेच्या पोटाखाली लांबीच्या दिशेनं उतरलेला हा जाड कणा पाण्यात भिंतीसारखा आडवा येतो, म्हणून नाव बाजूला न घसरता पुढं जाते. अगदी वाऱ्याच्या दिशेकडं तोंड करून, तिरकी तिरकीसुद्धा जाते. कण्याच्या तळाशी लोखंडाचं किंवा शिशाचं वजन असतं. तळाला माती भरलेली बाहुली आडवी पाडली तरी उठून बसते, तशी ही नाव लाटेनं पालथी घातली तरी वजन तिला पुन्हा सरळ करतं. दक्षिणेकडच्या महासागरात, जिथं लाटांना अडवायला जमीनच नाही, तिथं माणूस जगतो तो या वजनाच्या भरवशावर.

फेरी पुरी करणारा तो एकटा म्हणजे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटींवरचा तरुण अधिकारी. साठच्या दशकात त्याचं मुंबईला येणं-जाणं होतं. नाव बांधायची म्हणून त्यानं इंग्लंडहून आराखडे मागवले, पण पाकिटातून हवे होते ते सोडून भलतेच निघाले. विल्यम ॲटकिन या अमेरिकन आराखडाकारानं १९२० च्या दशकात काढलेली ‘एरिक’ नावाची ती नाव. नॉर्वेच्या कॉलिन आर्चरनं वादळात माणसं वाचवण्यासाठी ज्या नावा घडवल्या होत्या, त्यांच्या वळणाची. पुढं-मागं दोन्ही टोकं निमुळती, पोट रुंद, लांबी ३२ फूट आणि पुढून मागपर्यंत लांबलचक कील. नवे आराखडे येईपर्यंत थांबायला वेळ नव्हता, म्हणून तीच बांधायला घेतली. माझ्या मते त्या चुकलेल्या पाकिटातच शर्यतीचा अर्धा निकाल होता. वेगासाठी काढलेला आराखडा आला असता तर ती नाव दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या केप हॉर्नला वळसा घालून परत आली असती, असं मला वाटत नाही.

१९६३ मध्ये कुलाब्याला काम सुरू झालं. कारागिरांनी वाकसानं तासून आणि दोरीनं फिरवायच्या सामत्यानं भोकं पाडून नाव उभी केली. वाकस ज्यानं चालवलाय त्याला कळेल की याला काय लागतं. सागवानाची जाड फळी दोन दिशांना वळलेल्या पोटावर बसवायची तर प्रत्येक फळीची कड वेगळ्या कोनात तासावी लागते. मोजपट्टी तिथं पुरत नाही, बोटांनी चाचपून ठरवावं लागतं. १९६४ च्या अखेरीला नाव पाण्यात उतरली तेव्हा बाटली न फोडता तिच्यावर नारळ फोडला. या किनाऱ्याला हे काम नवं नव्हतं. वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत सागवानी युद्धनौका बांधल्या जात होत्या. त्यांतली १८१७ मध्ये पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगती आहे.

१४ जून १९६८ ला ‘सुहेली’ इंग्लंडच्या फालमथ बंदरातून निघाली. शर्यतीतल्या छोट्या आणि संथ नावांत तिची गणना होती. अटलांटिकमध्येच तिच्या पोटात पाणी यायला लागलं. फळ्यांमधला एक सांधा पाण्याखाली उघडा पडला होता. नॉक्स-जॉन्स्टन समुद्रात उतरला आणि श्वास रोखून, वर येऊन, पुन्हा बुडी मारून त्यानं त्या फटीत कापसाची दोरी ठोकून भरली. वर कापडाची पट्टी आणि तांब्याचा पत्रा ठोकला. मध्ये एक शार्क घिरट्या घालायला लागला, तो त्यानं बंदुकीनं मारला. होडीच्या फटीत कापूस ठोकून वर डांबर ओतायचं काम आम्ही काठावर, होडी पालथी घालून करायचो, आणि तरीही एखादी फट पाझरायचीच. हलत्या नावेखाली, खाऱ्या पाण्यात, एकट्यानं हे काम करणाऱ्या माणसाबद्दल माझ्या मनात फार मोठा आदर आहे.

पुढं आफ्रिकेच्या दक्षिणेला एका लाटेनं नाव आडवी झोपवली. कील कामाला आली आणि नाव उठली, पण वरची केबिन आपल्या जागेवरून सरकली आणि टाक्यांतलं पिण्याचं पाणी खराब झालं. ऑस्ट्रेलियाजवळ वाऱ्यावर आपोआप सुकाणू धरणारं यंत्र मोडलं. रेडिओ बंद पडला होता, त्यामुळे न्यूझीलंड सोडल्यावर कित्येक महिने त्याची काही खबरच नव्हती. लोकांनी आशा सोडत आणली होती.

दरम्यान बाकीचे गळत गेले. फ्रान्सचा बर्नार मॉयतेसिए पोलादी नावेतून वेगानं येत होता. केप हॉर्न ओलांडल्यावर त्यानं शर्यतच सोडली आणि तो ताहितीकडं निघून गेला. नायजेल टेटलीची तीन सांगाड्यांची नाव घर जवळ आलं असताना फुटून बुडाली. डोनाल्ड क्रोहर्स्ट अटलांटिकमध्येच थांबून आपण कुठं आहोत याच्या खोट्या नोंदी पाठवत राहिला. पुढं त्याची रिकामी नाव सापडली, तो सापडला नाही.

२२ एप्रिल १९६९ ला, ३१२ दिवसांनी ‘सुहेली’ फालमथला परतली. जकात अधिकाऱ्यांनी रिवाजाप्रमाणं विचारलं, कुठून आलात? तो म्हणाला, फालमथहून. बक्षिसाचे ५,००० पौंड त्यानं क्रोहर्स्टच्या बायकामुलांना देऊन टाकले.

त्यानंतर ही शर्यत पुन्हा भरायला पन्नास वर्षं लागली. मधल्या काळात जगाला फेरी मारणाऱ्या दुसऱ्या शर्यती आल्या, पण त्यांतल्या नावा हलक्या, पात्यासारख्या कीलच्या आणि प्रचंड वेगाच्या होत गेल्या. त्या काळाबद्दल मला फार सांगण्यासारखं नाही.

आपल्याकडचा धागा पुन्हा जुळला तो सातारा जिल्ह्यात. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी १९७१ च्या युद्धात ‘कामोर्ता’ या युद्धनौकेचे कप्तान होते. त्यांना वीरचक्र मिळालं. पश्चिम नौदल विभागाचे प्रमुख म्हणून ते १९८३ मध्ये निवृत्त झाले आणि फलटणजवळ विंचुर्णी या गावात राहायला आले. तो भाग पावसाच्या सावलीतला. तिथं बसून या माणसानं एक ध्यास धरला: भारतीय माणसानं, भारतात बांधलेल्या शिडाच्या नावेतून, एकट्यानं जगाला फेरी मारावी. नौदलानं ते मानलं आणि ‘सागर परिक्रमा’ ही मोहीम उभी राहिली. समुद्रापासून इतक्या आत राहणाऱ्या माणसाकडून ही कल्पना यावी, याचा आम्हा घाटावरच्या लोकांना अभिमान वाटायला हवा. शाळेतल्या मुलांना त्यांचं नाव माहीत नसतं, याचं मला वाईट वाटतं.

कमांडर दिलीप दोंदे २००६ मध्ये या कामाला पुढं झाले. शिकण्यासाठी ते गेले कुणाकडं, तर त्याच नॉक्स-जॉन्स्टनकडं, आता सर रॉबिन झालेल्या. नाव बांधायचं काम गोव्यात दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकरांनी अंगावर घेतलं. अशी महासागरी शिडाची नाव त्यांनी आधी बांधलेली नव्हती. लाकडाच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून, त्यांवर काचतंतू आणि इपॉक्सीचे थर देऊन त्यांनी ५६ फुटांची ‘म्हादेई’ उभी केली. फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलात दाखल झाली. त्याच वर्षी १९ ऑगस्टला दोंदे मुंबईहून निघाले. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फॉकलंड आणि केप टाउन अशा चार ठिकाणी थांबत ते मे २०१० मध्ये परतले. एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या मागोमाग अभिलाष टॉमी याच ‘म्हादेई’तून कुठंही न थांबता, १५१ दिवसांत, २०१३ मध्ये जगाला फेरी मारून आले. पुढं दिवाडीलाच बांधलेल्या ‘तारिणी’तून नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये प्रदक्षिणा पुरी केली.

पहिल्या शर्यतीला पन्नास वर्षं झाली म्हणून २०१८ मध्ये ‘गोल्डन ग्लोब’ पुन्हा भरली. नियम मुद्दाम जुने ठेवले: नाव ३२ ते ३६ फुटांची, १९८८ च्या आधीच्या आराखड्याची, पूर्ण लांबीच्या कीलची, आणि सुकाणू कीलच्या मागच्या कडेला जोडलेलं. जीपीएस बंद पेटीत, फक्त जिवावर बेतलं तरच उघडायचं. एरवी सूर्य-ताऱ्यांचे कोन मोजून कागदी नकाशावर आपली जागा काढायची. टॉमींसाठी दिवाडीला ‘सुहेली’चीच प्रतिकृती बांधली गेली, ‘थुरिया’. कुलाब्याच्या नावेची लेक गोव्यात जन्मली, असंच मी म्हणेन.

१ जुलैला फ्रान्सच्या ले साब्ल दोलोन बंदरातून शर्यत सुटली. २१ सप्टेंबरला, दक्षिण हिंदी महासागरात तिसऱ्या क्रमांकावर असताना ‘थुरिया’ वादळात सापडली. नाव पूर्ण पालथी होऊन पुन्हा सरळ झाली. डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीच्या कण्याला जबर मार बसला आणि त्यांना उठताही येईना. नौदलाच्या पी-८आय विमानानं मॉरिशसहून उडून त्यांना शोधलं आणि २४ तारखेला ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्ती जहाजानं उचललं. त्या तीन दिवसांत ‘थुरिया’ तरंगत राहिली, हे बातम्यांत ओझरतं आलं. माझ्या दृष्टीनं तीच मुख्य गोष्ट. डोलकाठी गेली, शिडं गेली, दर्यावर्दी जायबंदी झाला, पण सांगाडा उघडला नाही आणि कीलनं नाव सरळ धरली. तिच्या जोडांवर ज्यांनी हात फिरवला त्यांनी त्या दिवशी एक जीव वाचवला. ४ नोव्हेंबरला ९१ वर्षांचे आवटी गेले, टॉमी जिवंत परतल्याचं कळल्यानंतर. त्यांचे अंत्यसंस्कार विंचुर्णीतच झाले. शर्यत ७३ वर्षांच्या ज्याँ-ल्यूक व्हान डेन हीड यांनी २११ दिवसांत जिंकली. निघालेल्यांतले पाचच पोचले.

पाठीत धातूच्या सळ्या घेऊन टॉमी २०२२ मध्ये पुन्हा उतरले. या वेळी नाव ‘बायानात’, रस्टलर ३६ या इंग्लिश जातीची. ही जात बांधली जाते फालमथमध्ये, जिथून ‘सुहेली’ निघाली होती तिथंच. वाटेत वाऱ्यावर चालणाऱ्या सुकाणूयंत्राची पाती एकामागून एक मोडली, तेव्हा टॉमींनी नावेतल्या संडासाचं दार कापून त्याचं पातं केलं. दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर पहिल्या आल्या. एकट्यानं जगाला फेरी मारायच्या शर्यतीत पहिली आलेली ही पहिली स्त्री. वाटेत त्यांनी नाव बुडालेल्या एका स्पर्धकाला आपल्या नावेवर घेऊन वाचवलंही होतं. दोन दिवसांनी, २९ एप्रिल २०२३ ला, २३६ दिवस समुद्रात काढून टॉमी दुसरे आले. या शर्यतीत न थांबता फेरी पुरी करणारे सगळे मिळून तिघंच होते.

पुढच्या खेपेला आपल्याकडून कुणी निघेल तेव्हा त्याची नाव दिवाडीला बांधावी. आणि ज्यांनी तिच्या पट्ट्या तासल्या, चिकटवल्या, घासल्या, त्या साऱ्यांची नावं तिच्या केबिनच्या आतल्या फळीवर कोरावीत. ते कोरायचं काम करायला मी माझी पटाशी घेऊन गोव्याला जाईन, मजुरी न घेता.