मेडशीजवळची पाणथळ: कधी जावं, काय पाहावं?

थंडी पडली की अकोला-वाशीम रस्त्यावरच्या मेडशीतून सुट्टीच्या सकाळी दुर्बिणी घेऊन निघणाऱ्यांना एकच प्रश्न हमखास विचारला जातो: "तळ्यावर बघायचं तरी काय?"

पुष्कळ काही!

काटेपूर्णा नदी वाशीम जिल्ह्यातल्या डोंगरांतून निघते. महानजवळ तिच्यावर धरण आहे. अकोला शहर त्याचंच पाणी पितं. जलाशयाला लागून काटेपूर्णा अभयारण्य आहे, त्यामुळे एकाच फेरीत पाणपक्षीही दिसतात आणि जंगलही. चौशिंगा इथलाच रहिवासी.

पक्षी ओळखायला आधी पाण्याची खोली बघावी. तलवार बदक उथळ पाण्यात डोकं खाली, शेपूट वर करून चरतं. चांदवा, म्हणजे वारकरी, बुडी मारून पाणवनस्पती वर आणतो. चिखलाच्या काठावर तुतवार किडे टिपतो. पाणी ओसरून काठ उघडे पडले की गर्दी वाढते.

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराची तऱ्हा वेगळी. उल्कापाताने बेसॉल्टमध्ये घडलेलं हे सरोवर खारं आणि अल्कधर्मी आहे. जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचं कारण क्षारप्रेमी सूक्ष्मजीव असल्याचं सांगितलं. त्याच वर्षी हे सरोवर रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, झालं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सूर्योदयाच्या सुमारास जावं. ऊन पाठीशी ठेवावं, कपडे मातकट रंगाचे घालावेत. थवा मान उंचावून बघू लागला, की तिथेच थांबावं. अभयारण्यात वनविभागाचे नियम पाळावेत. स्पीकर घरीच बरा.

दुर्बीण कोणती घ्यावी, मुलांना कुठे न्यावं? बिनधास्त विचारा.