शहरात आलात? पोरांची शाळा बघा!

गाव सोडताना आपण काय काय बांधून घेतो? भांडी घेतो. अंथरूण-पांघरूण घेतो. पिठाचा डबा घेतो, देव्हाऱ्यातले देव घेतो. पण एक कागद हटकून मागं राहतो. तो म्हणजे मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला.

मग शहरात काय होतं? बाप कामाच्या शोधात. आई नळावरच्या रांगेत. घरात धाकटं मूल असलं, तर आठ वर्षांची पोर त्याला सांभाळत बसते. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणता म्हणता दिवाळी येते. पोराचं वर्ष फुकट जातं. पोरीची तर पुष्कळदा पुढची सगळीच वर्षं जातात. एकदा ती घरकामाला लागली, की तिच्यावाचून घराचं अडू लागतं. मग तिला शाळेत कोण पाठवणार? म्हणून खोली मिळाली, चूल मांडली, की दुसऱ्याच दिवशी शाळा शोधायला निघावं.

दाखला राहिला म्हणून घाबरू नका. मुलांच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला. १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला फुकट शिक्षण मिळालं पाहिजे, असं तो सांगतो. दाखला यायला उशीर झाला, तरी शाळेला मुलाला परत धाडता येत नाही. जन्माचा कागद नसला, तरी धाडता येत नाही. वर्ष अर्धं सरलं असलं, तरीही नाही.

शाळेत गेलात, की बोलणं असं होईल.

"बाई, आम्ही गावाकडून आलो. पोरगी तिसरीत होती. दाखला गावीच राहिला."

"राहू द्या. शाळेचं नाव, गाव, तालुका सांगा. दाखला आपण मागवू. पोरीला उद्या आणा."

आणि बाई असं बोलल्या नाहीत तर? तर उठून घरी येऊ नका. कायद्यात प्रवेश आहे असं शांतपणे सांगा. तरीही नाही म्हणाल्या, तर महानगरपालिकेच्या शिक्षण खात्याकडे लेखी अर्ज द्या. आता तुम्हाला लिहिता येतं. ते इथं कामी येईल.

आता शाळा कोणती निवडावी? समजा, तुम्ही साताऱ्याकडून मुंबईला आलात आणि भांडुपला खोली घेतली. जवळपास दोन-तीन शाळा असतील. एक महानगरपालिकेची. एखादी संस्थेची, सरकारी अनुदान घेणारी. एखादी सगळा खर्च फीवर चालवणारी, रंगीत पाटीची. पहिल्या दोन प्रकारच्या शाळांत आठवीपर्यंत पुस्तकं फुकट मिळतात, दुपारचं शिजवलेलं जेवणही मिळतं. फीच्या शाळेतही २५ टक्के जागा गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी असतात. पण त्या फक्त प्रवेशाच्या पहिल्या वर्गात. त्यासाठी ठरलेल्या मुदतीत संगणकावरून अर्ज भरावा लागतो. तिसरीतल्या पोरीला त्याचा उपयोग नाही. धाकट्यासाठी मात्र ध्यानात ठेवा.

मुंबईत महानगरपालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू, कन्नड अशा आठ भाषांतून चालतात. तेव्हा आत शिरण्याआधी भाषा विचारा. इंग्रजी शाळेचा मोह सगळ्यांनाच होतो. त्यात वाईट काही नाही. पण तिसरीपर्यंत मराठीत शिकलेलं मूल एकदम इंग्रजी वर्गात बसवलं, तर त्याला बाईंचं बोलणंच कळत नाही. ते गप्प बसतं. गप्प बसलेलं मूल हुशार असो की नसो, मागंच पडतं. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळेतही पहिलीपासून इंग्रजी शिकवतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

पाटीपेक्षा रस्ता जास्त बघा. भांडुप पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्ग जातो. त्यावर ट्रक, बस, रिक्षा यांना खंड नाही. बरी शाळा त्या रस्त्यापलीकडे असेल आणि साधी शाळा अलीकडे असेल, तर काय करावं? पोराला रोज सोडायला-आणायला घरात माणूस असेल, तर पलीकडची घ्या. नसेल, तर अलीकडची घ्या. रेल्वेचे रूळ ओलांडून जावं लागत असेल, तर त्या शाळेचा विचारच नको. रस्ता एकदा स्वतः चालून बघा, तोही शाळा सुटायच्या वेळेला.

वेळही विचारा. शहरात पुष्कळ शाळा दोन पाळ्यांत भरतात, एक सकाळची, एक दुपारची. आई सातला कामावर जात असेल, तर दुपारच्या शाळेचं मूल सकाळभर एकटं राहील. त्याच्यावर कोण लक्ष ठेवणार, हे आधी ठरवा. धाकट्याला अंगणवाडीत घाला. ३ ते ६ वर्षांच्या मुलांना तिथं काही तास बसवतात, खाऊ देतात. म्हणजे थोरलीची पाटी-दप्तर सुटत नाही.

शाळा बघायला मधल्या सुट्टीत जावं. तेव्हा खरं काय ते दिसतं. नळाला पाणी आहे का? मुलींचं शौचालय वेगळं आहे का, आणि उघडं आहे का? कुलूप लावलेलं शौचालय असून नसल्यासारखंच. ते नसलं, तर मुली दिवसभर पाणी पीत नाहीत आणि पुढं पुढं शाळाच टाळतात. शाळेत ६० मुलं असली, तर निदान दोन गुरुजी हवेत, असा नियम आहे. पण मोजण्यापेक्षा एक साधी गोष्ट बघा. गुरुजी आले, की मुलं त्यांच्याकडे धावतात की पांगतात? छडी कायद्यानं बंद आहे. कुठं ती दिसली, तर विचारा.

नळावर भेटणाऱ्या बायकांनाही विचारा. "ताई, तुमची पोरं कुठं जातात? वाचता येतं का त्यांना?" त्यांचा पोरगा चौथीत असेल, तर त्याच्यापुढं एखादं पुस्तक धरा. तो वाचतो की चित्रं बघतो, ते तुम्हाला तिथंच कळेल.

नाव घातलं, की पहिले आठ दिवस पोरीला रोज विचारा. आज कुणाशेजारी बसलीस? जेवायला काय होतं? बाईंनी तुला नावानं हाक मारली का? आठ दिवसांनंतरही ती काहीच सांगत नसेल, तर एक दिवस अर्धी रजा घ्या आणि बाईंना भेटून या.